वाळूचा ट्रे आणि न बोलणारी मुलं

चार वर्षांचं मूल तोंड फिरवून कोपऱ्यात बसलं, की घरातली चार माणसं त्याला आळीपाळीने एकच प्रश्न विचारतात, "काय झालं?" मूल उत्तर देत नाही. मग आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. आत काहीतरी खदखदत असतं, पण ते सांगण्याचे शब्द अजून त्याच्यापाशी आलेले नसतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आजकाल अशा मुलांसाठी बाजारात बरंच काही मिळतं. बोटांनी दाबायचे रबरी बुडबुडे, मऊ चेंडू, हाताने आकार देता येणारी रंगीत वाळू. 'सेन्सरी टॉइज' म्हणून ती विकली जातात. मूल हातांनी चाचपतं, दाबतं, कालवतं आणि त्यातून त्याच्या भावनांना वाट मिळते, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना मोबाइलवरच्या जाहिरातींतून जन्मलेली नाही. तिला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात खेळण्याइतकंच महत्त्व शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला आहे, आणि नेमकं तेच आपण विसरत चाललो आहोत.

जर्मनीतले फ्रेडरिक फ्रोबेल अवघे नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. त्यांचं बालपण एकाकी गेलं. याच माणसाने 1837 साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी खेळाची साधनं तयार करायला सुरुवात केली आणि 1840 मध्ये आपल्या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. आपल्या साधनांना ते 'भेटी' म्हणत. त्यातली पहिली भेट होती लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीला बांधलेले. चेंडू मऊ, मुठीत मावणारा; दूर जातो आणि दोरी ओढली की परत येतो. आई नजरेआड होते आणि पुन्हा येते, हा तान्ह्या जिवाचा सर्वांत मोठा अनुभव त्या खेळात आहे. सरकारला मात्र या बागांची भीती वाटली. 1851 मध्ये प्रशियाने नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवल्याचा ठपका ठेवून किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती 1860 मध्ये.

पुढे 1907 साली मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं असे फरक मुलांनी स्वतः हाताळून ओळखावेत, अशी साधनं त्यांनी वापरली. पण त्यांचा भर मुलाच्या शिकण्यावर होता. मुलाच्या मनातली भीती, राग, दुःख हातांवाटे बाहेर येऊ शकतं, याचा विचार दुसरीकडे सुरू झाला.

मार्गारेट लोवेनफेल्ड हे त्यातलं फारसं ठाऊक नसलेलं नाव. त्यांचा जन्म 1890 साली लंडनमध्ये झाला. वडील पोलंडकडचे. घरात सुबत्ता होती, पण आई-वडिलांचं पटलं नाही आणि ते विभक्त झाले. मार्गारेट यांची तब्येत नाजूक, बालपण उदास. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर मदतकार्यासाठी पोलंडला गेल्या. तिथे युद्धाने होरपळलेली माणसं, युद्धकैदी आणि विद्यार्थी त्यांनी जवळून पाहिले. सोसलेलं सगळं शब्दांत मांडता येत नाही, हे त्यांना तिथे उमगलं. दुःखी मुलाचं अंतर्मन समजण्याची किल्ली आपल्याला तिथेच सापडली, असं त्यांनी पुढे सांगितलं.

1928 मध्ये त्यांनी लंडनच्या गरीब वस्तीत मुलांसाठी दवाखाना उघडला. चिडखोर, भेदरलेली, अबोल झालेली मुलं तिथे येत. एच. जी. वेल्स यांचं 1911 सालचं 'फ्लोअर गेम्स' हे छोटं पुस्तक लोवेनफेल्ड यांच्या आठवणीत होतं. वेल्स आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर ठोकळे आणि छोटी खेळणी मांडून गावं, बेटं कशी वसवत, त्याची हकीकत त्यात आहे. लोवेनफेल्ड यांनी दवाखान्यात एक पेटी ठेवली. तिच्यात मणी, रंगीत काड्या, कागदाचे तुकडे, काड्यापेट्या, लहान लहान खेळणी होती. मुलांनी तिचं नाव ठेवलं 'जादूची पेटी'. पुढे तिथे पत्र्याचे ट्रे आले. एकात वाळू, दुसऱ्यात पाणी.

यानंतर जे घडलं ते कोणी ठरवून घडवलेलं नव्हतं. मुलांनी पेटीतली खेळणी उचलून वाळूत मांडायला सुरुवात केली. घरं, कुंपणं, प्राणी, माणसं मांडून जो देखावा तयार होई, त्याला ती 'जग' म्हणू लागली. लोवेनफेल्ड यांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या पद्धतीला 'वर्ल्ड टेक्निक' हे नाव दिलं. या शोधाचं श्रेय त्यांनी मुलांनाच दिलं. डॉक्टरी जगात ही नम्रता सहसा दिसत नाही.

त्यांचं म्हणणं असं की, भाषेत एका शब्दामागे दुसरा शब्द येतो. मुलाच्या मनात मात्र राग, भीती, माया, आठवण हे सारं एकाच वेळी गर्दी करतं. ते एका रांगेत उभं करणं त्याला जमत नाही. वाळूच्या ट्रेमध्ये सगळं एकत्र मांडता येतं. वाळू उकरता येते, थापता येते, तिच्यात एखादी गोष्ट पुरता येते आणि पुन्हा बाहेरही काढता येते.

त्याच काळात मेलनी क्लाइन याही छोट्या खेळण्यांच्या मदतीने मुलांवर उपचार करत होत्या. फरक अर्थ लावण्याचा होता. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की क्लाइन त्यात आई-वडिलांच्या नात्याचा अर्थ शोधत आणि तो मुलाला सांगत. लोवेनफेल्ड थांबत. मुलाने काय मांडलं त्याची नोंद करत, चित्र काढून ठेवत आणि मुलालाच विचारत की, हे काय आहे? क्लाइन यांच्या कामाची थोरवी नाकारण्याचं कारण नाही. पण मूल बोलू लागण्याआधीच आपण त्याच्या वतीने बोलू लागलो, तर ऐकायचं कोणी?

हे वाचताना मला अबू दाऊदच्या हदीस संग्रहातला एक प्रसंग आठवला. वाऱ्याने पडदा हलला आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्या उघड्या पडल्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे काय आहे म्हणून विचारलं. बाहुल्यांच्या मधोमध चिंध्यांचे पंख लावलेला घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं त्यांनी विचारल्यावर आयशांनी हजरत सुलेमान यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित मनमुराद हसले. अबू उमैर या लहानग्याचा प्रसंगही सर्वांना ठाऊक आहे. त्याची खेळातली चिमणी मेली होती. प्रेषितांनी त्याला तिच्याबद्दल आवर्जून विचारलं. यातून आधुनिक मानसशास्त्र शोधून काढण्याचा आटापिटा मी करणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते मुलाच्या दुनियेत डोकावून कुतूहलाने विचारणं आणि त्याचं उत्तर खरं मानणं. आपल्या घरांत हे प्रसंग आदराने सांगितले जातात. पण मुलाने अंगणात माती कालवली की पहिली हाक येते, "हात घाण करू नकोस." आणि मुलगा रडला की, "मुलीसारखा काय रडतोस?"

लोवेनफेल्ड यांची वाळू पुढे दूरवर गेली. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्यांच्याकडे शिकून त्यातून आपली 'सँडप्ले' पद्धत घडवली. हायाओ कवाई यांनी ती 1965 मध्ये जपानला नेली. पेटीत छोटी बाग मांडण्याची परंपरा तिथे होतीच, म्हणून तिला 'हाकोनिवा' हे जपानी नाव मिळालं.

यासाठी महागडी साधनं लागतात असंही नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम केलं. माँटेसरीची विकतची साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, पानं, फुलं, बिया हाताशी घेतल्या. त्यांचं काम शिक्षणाचं होतं, मानसोपचाराचं नव्हतं. पण मुलाच्या हाताला हवं ते त्याच्या अंगणातच असतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

परातीत थोडी ओली वाळू, चार शंख, एक मोडकी गाडी, दोन बाहुल्या. एवढं पुरेसं आहे. मुलाने बाहुली वाळूत पुरली तर लगेच घाबरू नये, लगेच उपदेशही करू नये. शेजारी बसावं, आणि वाटलंच तर विचारावं, "ही कोण आहे?" उत्तर आज आलं नाही, तर उद्या पुन्हा परात पुढे ठेवावी. खेळणं दुकानात विकत मिळतं. शेजारी बसायला वेळ मात्र आपल्यालाच काढावा लागतो.