केडगावचे मुक्तिसदन

श्रोतेहो, पुण्याहून दौंडच्या बाजूला निघालात की वाटेत केडगाव स्टेशन लागते. दुष्काळाच्या दिवसांत शेकडो अनाथ मुली या गावी आल्या आणि जगल्या. त्यांना आणले पंडिता रमाबाईंनी.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. त्यांचा जन्म १८५८ चा. संस्कृत त्या घरातच शिकल्या. पण तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले, आणि आईवडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच ख्रिस्ती झाल्या. लंडनमधील फुलम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत होत्या. ही माया येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने बायबलातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. जिच्याशी लोक संबंध ठेवीत नाहीत, अशा स्त्रीजवळ येशू विहिरीवर पाणी मागतो, ती ही कथा. आपल्याकडच्या पाणवठ्यावरची शिवाशीव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मागण्याचे मोल सांगायला नको.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. म्हणून केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय झाली. तेच मुक्तिसदन.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. उपाशी माणसाला एक वेळ जेवू घातले, तर त्याचा जीव वाचतो. पण आशा एका जेवणाने येत नाही. काल पानात भाकरी होती, आज आहे, म्हणजे उद्याही असेल, असे मन म्हणू लागले की आशा मूळ धरते. केडगावी हेच घडले. शेत, माग, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुलींच्या हाती आली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली गेली. शारदासदनात आधी शिकलेल्या मुली नव्यांना सांभाळू लागल्या. काल जिला कोणी हात दिला होता, तीच आज दुसरीला हात देऊ लागली.

धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली शारदासदनावर मोठे वादळ उठले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण रस्त्याकडेला मरण्याची वाट पाहणाऱ्या मुलीच्या शेजारी बसूनही हा इतिहास एकदा पाहावा.

रमाबाई १९२२ साली वारल्या. मुक्ती मिशन आजही केडगावी आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्याही वर्गात कोपऱ्यात बसणारे, कोणाशी न बोलणारे एखादे पोर असेल. त्याला रोज नावाने हाक मारा. आणि एखाद्या दिवशी त्याच्याच हातून पाणी मागून प्या.