कोल्हापूर प्रकरणातील फिर्यादी

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ‘कोल्हापूर प्रकरण’ या नावाने ओळखला जाणारा १८८२ सालचा खटला आजवर बहुधा आरोपींच्या बाजूनेच सांगितला गेला आहे. ते स्वाभाविकही आहे. आरोपी होते ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक, शिवाय भोगलेल्या शिक्षेची हकीकत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली. फिर्यादी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांचे नाव मात्र या कथेत खलपुरुषापुरते उरले. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने पाहिले असता या प्रकरणात ज्याची अब्रू गेली असा मनुष्य एकच होता, आणि तो बर्वे हा होय.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८७० मध्ये राजाराम महाराज फ्लॉरेन्स येथे निवर्तल्यावर पुढील वर्षी चवथे शिवाजी महाराज दत्तक आले. ते वेडे आहेत असे सरकारी मत होते. त्यांना छळाने वेडे केले जात आहे, असे पुण्यातील पुष्कळांचे मत होते. बर्वे संस्थानचे कारभारी असल्याने रोष त्यांच्यावर आला. अशा वेळी बर्वे यांच्या नावावरची काही पत्रे पुण्यास पोहोचली. महाराजांविरुद्धच्या कटाचा त्यांत पुरावा आहे असा समज झाला आणि दोन्ही पत्रांनी कारभाऱ्यांवर जहाल लेख लिहिले.

येथे बर्वे यांच्यापुढे दोन मार्ग होते. मराठीत त्यांतील भेद शब्दांतच नोंदलेला आहे: दिवाणीत ‘दावा’ लावावयाचा, फौजदारीत ‘फिर्याद’ करावयाची. ‘फिर्याद’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ साहाय्यार्थ केलेला आक्रोश. दाव्यात तो आर्त स्वर नाही, हक्काचे मागणे आहे. ‘अब्रू’ हाही फारसीतूनच आलेला, शब्दशः ‘चेहऱ्याचे पाणी’. गेलेल्या पाण्याची किंमत रुपयांत मागावी की घालविणाऱ्यास दंड व्हावा, हा निर्णय सर्वस्वी फिर्यादीचा असतो. बर्वे यांनी फौजदारी मार्ग पत्करला.

त्या मार्गावर आरोपीची वाट अवघड होती. १८६० च्या दंडसंहितेचे ४९९ वे कलम बोललेल्या आणि लिहिलेल्या बदनामीत इंग्रजी कायद्याप्रमाणे भेद करीत नाही. ५०० व्या कलमान्वये शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, अथवा दोन्ही. अपवाद दहा आहेत; परंतु पहिल्या अपवादात नुसते सत्य पुरत नाही, ते लोकहितार्थ प्रसिद्ध केलेले असावे लागते, आणि दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. इतर बहुतेक अपवादांचा आधार ‘सद्‌भाव’ हा आहे. या शब्दाने मराठी वाचकाची हमखास फसगत होते. आपण त्याचा अर्थ अंतःकरणाची शुद्धता असा घेतो. संहितेचे ५२ वे कलम मात्र म्हणते की योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्‌भावाने केलेली ठरतच नाही. टिळक-आगरकरांच्या अंतःकरणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न पत्रांच्या पारखीचा होता. ती बनावट निघाली आणि बचावाचा पायाच खचला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे विधिज्ञ बाजूस असूनही उपाय चालला नाही. माफी मागण्यात आली, तथापि खटला पुढे चाललाच. १७ जुलै १८८२ रोजी न्यायमूर्ती लेथम यांनी चार महिन्यांची साधी कैद सांगितली. सूट मिळून २६ ऑक्टोबर रोजी दोघे सुटले. सुटकेनंतर त्यांचे जे स्वागत झाले त्यावरून लोकमताचा कौल वेगळा होता हे उघड आहे. न्यायालयाने बर्वे यांची अब्रू परत दिली. ती लोकांनी स्वीकारली नाही.

हे दोन मार्ग आजही कायम आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ३५६ व्या कलमात हा गुन्हा आला असून शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढला आहे. फौजदारी तरतूद घटनाबाह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. दिवाणी दाव्यास मुदत एक वर्षाची. यात एक विसंगती लक्षणीय आहे. १९९४ च्या राजगोपाल निर्णयानुसार सार्वजनिक अधिकाऱ्याला आपल्या अधिकृत कृत्यांवरील टीकेबद्दल नुकसानभरपाई हवी असेल, तर मजकूर असत्य होता आणि सत्यासत्याची पर्वा न करता छापला गेला, हे त्यानेच दाखवावे लागते. वाजवी चौकशी केलेला संपादक तेथे सुटतो. फौजदारीत मात्र सद्‌भावाचा भार आरोपीवरच राहिला आहे. म्हणजे एखाद्या कारभाऱ्यास आजही बर्वे यांचाच मार्ग अधिक सोयीचा वाटेल.

खटल्यात निर्णय झाला तो बर्वे यांच्या नावाच्या पत्रांचा व त्यांवर आधारलेल्या लेखांचा. महाराजांना कशी वागणूक मिळत होती, हा प्रश्न त्या फिर्यादीच्या कक्षेतच येत नव्हता. शिक्षा भोगून संपादक बाहेर आल्याला चौदा महिने होत होते, तेव्हा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, देखरेखीवरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चवथ्या शिवाजी महाराजांचा अंत झाला.