इंग्रजीतला ‘फार’ म्हणजे आपला ‘फार’ नव्हे! कुठं वापरायचा, कुठं नाही?

‘द पेपर वॉज फार डिफिकल्ट.’ दहावीचा पेपर देऊन आलेल्या मुलाच्या तोंडून असं वाक्य सहज निघतं. मनात मराठी ‘पेपर फार अवघड होता’ असतं आणि इंग्रजीतही एफ-ए-आर असा ‘फार’ आहेच, मग चुकलं कुठं? चूक इतकीच, की हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी ‘फार’ संस्कृत ‘स्फार’ म्हणजे पुष्कळ, विस्तीर्ण या शब्दातून आला. इंग्रजी ‘फार’चं दूरचं नातं आहे ते संस्कृत ‘पर’शी, म्हणजे पलीकडचा. आवाज सारखा, घराणी वेगळी.

सीमाभागात मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना पुढं कॉलेज, नोकरी, बँक, दवाखाना, सगळीकडं इंग्रजी कागद हाताळावे लागतात. तिथं हा छोटा शब्द नुसते मार्कच घालवत नाही, कधी कधी अर्थाचा अनर्थही करतो. म्हणून तो नीट समजून घेऊया. (खाली अवतरणात जिथं ‘फार’ आहे, तो इंग्रजी समजावा.)

एकच किल्ली: दोन टोकं हवीत

इंग्रजी ‘फार’ नेहमी अंतर सांगतो. अंतर म्हटलं की दोन टोकं आली. दोन गावांतलं अंतर असेल, दोन वस्तूंच्या दर्जातलं असेल, नाहीतर सुरुवातीपासून आजपर्यंतचं असेल. एकच गोष्ट समोर असेल आणि तिची फक्त तीव्रता सांगायची असेल, तर ‘फार’ चालत नाही, ‘व्हेरी’ लागतो. म्हणून ‘फार डिफिकल्ट’ चूक, ‘व्हेरी डिफिकल्ट’ बरोबर. ही किल्ली लक्षात ठेवली की पुढचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

रस्त्यावरचं अंतर

प्रश्नात आणि नकारात ‘फार’ अगदी सहज येतो. ‘इज द स्टेशन फार?’ म्हणजे स्टेशन लांब आहे का? ‘नो, इट इजन्ट फार.’ नाही हो, लांब नाही.

साध्या होकारार्थी वाक्यात मात्र नुसता ‘फार’ जरा अडखळतो. ‘माय व्हिलेज इज फार’ म्हटलं तर समजतं, पण बोलण्यातलं इंग्रजी ‘माय व्हिलेज इज अ लाँग वे फ्रॉम हिअर’ असं असतं. ‘फार अवे’सुद्धा चालतं. ‘टू फार’ (गरजेपेक्षा लांब), ‘सो फार’ (इतकं लांब), ‘फार इनफ’ (पुरेसं लांब) अशी जोड असेल तर होकारातही अडचण नाही.

आता आपल्याकडची सगळ्यात जास्त होणारी चूक. ‘खानापूर इज 25 किलोमीटर्स फार फ्रॉम बेळगाव.’ हे चूक. अंतराचा आकडा दिला की ‘फार’ काढायचा आणि ‘अवे’ घालायचा, किंवा काहीच घालायचं नाही: ‘खानापूर इज अबाउट 25 किलोमीटर्स फ्रॉम बेळगाव.’ अंतर किती ते आकड्यानं सांगितलंच आहे, मग परत लांब कशाला म्हणायचं?

दुसरा घोटाळा ‘किती लांब?’ या प्रश्नाचा. ‘लांब’ आणि ‘लाँग’ कानाला जवळचे, म्हणून ‘हाऊ लाँग इज सांबरा?’ असं विचारलं जातं. अंतर विचारायचं तर ‘हाऊ फार इज सांबरा?’ आणि वेळ विचारायचा तर ‘हाऊ लाँग डज इट टेक टू गेट टू सांबरा?’

नामाच्या आधीही सांभाळा. ‘अ फार व्हिलेज’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘अ फारअवे व्हिलेज’ किंवा ‘अ डिस्टंट व्हिलेज’ म्हणा. ‘द फार एंड ऑफ द रोड’ मात्र बरोबर, म्हणजे रस्त्याचं पलीकडचं टोक.

प्रमाण सांगताना

इथं आपली किल्ली जास्त उपयोगी पडते.

• तुलना असेल तर: ‘धिस रोड इज फार बेटर.’ हा रस्ता कितीतरी चांगला. कशापेक्षा? जुन्या रस्त्यापेक्षा. दोन टोकं मिळाली. तसंच ‘फार मोर एक्स्पेन्सिव्ह’, ‘फार फ्युअर स्टुडंट्स’. ‘व्हेरी बेटर’ मात्र कधीच नाही.

• ‘टू’च्या आधी: ‘द फीज आर फार टू हाय.’ फी झेपण्यापलीकडं आहे. आपली ऐपत हे एक टोक, फी हे दुसरं.

• सगळ्यात वरचढ असेल तर: ‘शी इज बाय फार द बेस्ट प्लेअर.’ ती सगळ्यात चांगली खेळाडू, बाकीचे तिच्या आसपासही नाहीत. इथं आधी ‘बाय’ हवाच.

• कितपत: ‘हाऊ फार डू यू अॅग्री?’ हा परीक्षेतला लाडका प्रश्न. इथं किलोमीटर नाहीत. ‘तुम्ही कितपत सहमत आहात?’ असा अर्थ. नुसतं हो किंवा नाही लिहून भागत नाही, कुठवर पटतं आणि कुठं पटत नाही ते लिहावं लागतं.

‘फार फ्रॉम’: इथं थांबा, दोनदा वाचा

समजा, दवाखान्यातून मेसेज आला: ‘द पेशंट्स कंडिशन इज फार फ्रॉम स्टेबल.’ घाईत वाचणाऱ्याला ‘फार’ आणि ‘स्टेबल’ एवढंच दिसतं आणि तो घरच्यांना सांगतो, ‘तब्येत एकदम स्टेबल आहे, काळजी नको.’ खरा अर्थ बरोबर उलटा आहे. स्थिर होण्यापासून तब्येत लांब आहे, म्हणजे अजिबात स्थिर नाही.

‘फार फ्रॉम’पुढं गुणाचा शब्द आला की तो गुण नाही असंच समजायचं. ‘फार फ्रॉम ईझी’ म्हणजे मुळीच सोपं नाही. ‘युवर वर्क इज फार फ्रॉम सॅटिसफॅक्टरी’ असं पत्र ऑफिसातून आलं, तर ते कौतुक नव्हे, ताकीद आहे. वाक्यात ‘नॉट’ कुठंच नसतो, म्हणूनच फसायला होतं.

‘सो फार’ आणि ‘अॅज फार अॅज’

‘नो पेमेंट हॅज बीन रिसीव्ह्ड सो फार.’ इथं ‘सो फार’ म्हणजे आजपर्यंत. पैसे अजून मिळालेले नाहीत. या अर्थानं आला की क्रियापदाला बहुधा ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतो: ‘आय हॅव रेड टू चॅप्टर्स सो फार.’ ‘सो फार, सो गुड’ म्हणजे आतापर्यंत तरी सगळं ठीक चाललंय.

‘वी वॉक्ड अॅज फार अॅज द ब्रिज’ म्हणजे पुलापर्यंत चालत गेलो. ‘अॅज फार अॅज आय नो’ म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. माहिती जिथवर पोचते तिथवर, असा भाव. मुलाखतीत नक्की माहीत नसलेलं सांगताना हे शब्द कामाला येतात.

‘फार्दर’ की ‘फर्दर’?

अंतरासाठी दोन्ही चालतात. ‘आणखी’ किंवा ‘पुढील’ या अर्थानं मात्र फक्त ‘फर्दर’. ‘फॉर फर्दर डिटेल्स’ म्हणजे अधिक माहितीसाठी. ‘अंटिल फर्दर ऑर्डर्स’ म्हणजे पुढील आदेश येईपर्यंत.

बघा जमतंय का

कुठलं वाक्य बरोबर, कुठलं चूक? उत्तरं झाकून करा.

1. द टी इज फार हॉट.
2. द बस स्टँड इज टू किलोमीटर्स फार.
3. धिस फोन इज फार चीपर दॅन दॅट वन.
4. द मॅटर इज फार फ्रॉम ओव्हर. (मराठीत अर्थ सांगा.)

उत्तरं: 1. चूक. चहा एकच, तुलना नाही, म्हणून ‘व्हेरी हॉट’. 2. चूक. आकडा आला, म्हणून ‘टू किलोमीटर्स अवे’. 3. बरोबर. दोन फोन, दोन टोकं. 4. प्रकरण अजून मिटलेलं नाही.

चारही जमली तर उत्तम. एखादं चुकलं असेल तर त्या वाक्यात दोन टोकं कुठली ते शोधा. टोकं सापडली नाहीत, तर तिथं ‘व्हेरी’च घाला.