बर्मिंगहॅमच्या घरातले मुके सोबती : निगा आणि आरोग्य



आपल्या मंडळातल्या अनेक घरांत आता कुत्री, मांजरे, ससे, पक्षी आणि मासे आहेत. मुले हट्ट धरतात आणि एक दिवस पिल्लू घरी येते! गावाकडे मोती अंगणात बसायचा आणि मनी चार घरे फिरून पोट भरायची. इथे प्राणी चार भिंतींत राहतो आणि आपण देऊ तेच खातो. त्यामुळे त्याला अपाय होतो तोही बऱ्याचदा आपल्याच स्वयंपाकघरातून, देवघरातून किंवा औषधांच्या डब्यातून, आणि तोही प्रेमापोटी. थोडी माहिती असली तर हे टाळता येते, म्हणून हा लेख. भारतातून राहायला आलेल्या आजी-आजोबांनाही तो जरूर वाचून दाखवा.

१. आधी कायदा आणि खर्च

२००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार योग्य अन्न, योग्य जागा, सोबत, नैसर्गिक वागण्याची मोकळीक आणि आजारापासून संरक्षण देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप २०१६ पासून आणि मांजराला १० जून २०२४ पासून सक्तीची आहे. चिप नसल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदलले की चिपच्या नोंदीतला पत्ता आणि फोनही बदलून घ्या. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचे नाव व पत्ता हवाच.

पिल्लू घेताना ते आईसोबत पाहा. २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्ले मधल्या दलालाने विकणे इंग्लंडमध्ये बेकायदा आहे. सोलिहलजवळच्या बर्मिंगहॅम डॉग्ज होमसारख्या संस्थेतून कुत्रा दत्तक घेणे हाही चांगला मार्ग आहे. ही संस्था १८९२ पासून काम करते.

जनावरांसाठी एनएचएस नाही हे लक्षात ठेवा! विमा पहिल्याच दिवशी काढा, कारण आधीपासून असलेला आजार विम्यात सहसा धरत नाहीत. ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या कुटुंबांना पीडीएसए ही धर्मादाय संस्था मोफत किंवा कमी खर्चात उपचार देते.

२. कुत्रा

आपल्या ताटातले हे पदार्थ कुत्र्याला कधीही देऊ नका :

– कांदा आणि लसूण, कच्चे किंवा शिजवलेले. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे शिळी भाजी, आमटी, रस्सा सगळे बाद.
– द्राक्षे, बेदाणे, मनुका. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाचा शिरा, खीर, चिवडा आणि लाडू यांत बेदाणे असतात, तेव्हा प्रसादाचा घास नको.
– चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम.
– आंब्याची कोय (आतड्यात अडकते) आणि शिजवलेली हाडे.

सटन पार्क किंवा लिकी हिल्समध्ये फिरून आल्यावर कान, मान आणि बोटांमधल्या फटीत गोचीड आहे का ते पाहा. गोगलगायी चाटल्याने फुप्फुसातले जंत होऊ शकतात. त्यावरचे औषध साध्या जंताच्या गोळीत असतेच असे नाही, म्हणून व्हेटला विचारून घ्या.

३. मांजर

मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, वाटीत पाणीच ठेवा. लिली हे फूल मांजरासाठी प्राणघातक आहे. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. कुणी पुष्पगुच्छ दिला तर त्यातली लिली घरात आणू नका. कुत्र्याचे पिसवांवरचे औषध मांजराला लावू नका, त्यातले पर्मेथ्रिन मांजराचा जीव घेते. हिवाळ्यात गाडीत घालायचे अँटिफ्रीझ सांडले तर लगेच पुसा.

शाकाहारी घरांसाठी खास सूचना : मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन मांसातून मिळते. ते कमी पडले तर हृदय दुबळे होते, डोळे जातात. दूध-पोळीवर ठेवलेले मांजर हळूहळू आजारी पडते. तयार डबाबंद खाणे आणावे, वाटी-चमचा वेगळा ठेवावा, म्हणजे सोवळेही सांभाळले जाते! तेही मनाला पटत नसेल तर ससा किंवा गिनीपिग पाळावा.

४. ससे आणि गिनीपिग

दोघांचेही मुख्य अन्न सुके गवत, गाजर नव्हे. सशाने सुमारे १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर तातडीने व्हेटकडे न्या. आतडे थांबले की ससा लवकर दगावतो. मिक्सोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी रोग यांवर दरवर्षी लस द्यावी. उन्हाळ्यात मागची बाजू रोज तपासा, कारण ओलसर केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या होतात. गिनीपिगला क जीवनसत्त्व रोज बाहेरून मिळावे लागते. ढोबळी मिरची उत्तम. दोघांनाही आपल्या जातीची सोबत लागते.

५. पक्षी

पक्ष्यांची फुप्फुसे फार नाजूक. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती, धूप आणि फोडणीचा धूरही वाईट. पिंजरा स्वयंपाकघर आणि देवघरापासून दूर ठेवा. अ‍ॅव्होकॅडो देऊ नका.

बागेत कोंबड्या पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले, अगदी शिळी पोळीसुद्धा, कोंबड्यांना घालणे बेकायदा आहे. सूट फक्त पूर्ण व्हीगन घरांना.

६. मासे

बर्मिंगहॅमचे बहुतांश पाणी वेल्समधल्या एलन व्हॅलीतून सुमारे ७३ मैलांच्या जलवाहिनीने १९०४ पासून येते. हे पाणी मऊ असते. निऑन टेट्राला ते मानवते, गप्पीला जरा कठीण पाणी आवडते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक असते, म्हणून क्लोरिन काढणारे द्रावण घालूनच पाणी टाकीत ओता. नवी टाकी काही आठवडे फिल्टरसह चालवून मगच मासे सोडा. पुढे आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदला.

७. औषधांचा डबा आणि कपाट

भारतातून आणलेली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. तिची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनही असते, ते कुत्र्यालाही घातक. माणसाचे कोणतेही औषध व्हेटला विचारल्याशिवाय नको. कापूर आणि साड्यांतल्या डांबराच्या गोळ्या उंचावर ठेवा.

८. दिवाळी आणि भारतवारी

इथे दिवाळी आणि ५ नोव्हेंबरचा बॉनफायर जवळजवळ येतात. एरवी फटाके रात्री ११ पर्यंत, पण दिवाळीच्या रात्री १ पर्यंत वाजवता येतात. कुत्र्याला उजेडातच फिरवून आणा, पडदे लावा, टीव्ही चालू ठेवा, लपायला कोपरा द्या आणि रागावू नका. फार घाबरत असेल तर सप्टेंबरमध्येच व्हेटशी बोला.

सुट्टीत भारतात जाताना प्राणी इथेच परवानाधारक बोर्डिंगमध्ये ठेवणे सोपे. सोबत न्यायचाच असेल तर रेबीजची लस आणि त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी निघण्यापूर्वीच इथे करून कागदपत्रे तयार ठेवा. तपासणी भारतात केली तर नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबावे लागते.

मुलांनाही सांगा : इथल्या कुत्र्यांत रेबीज नाही, भारतात आहे. गल्लीतल्या कुत्र्याला कुरवाळू नये. चावला किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

९. विषबाधा झाली तर

लक्षणांची वाट पाहू नका. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानेच अपाय होतो. काय, किती आणि केव्हा खाल्ले ते लिहा, पाकीट सोबत घ्या आणि लगेच व्हेटला फोन करा. अ‍ॅनिमल पॉइझनलाइन ही सशुल्क सेवा दिवसरात्र चालू असते. तिचा आणि आपल्या व्हेटच्या रात्रीच्या सेवेचा क्रमांक आजच फ्रिजवर लावून ठेवा.

मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही, ते आपणच ओळखायचे. खाणे, पाणी, शी-शू आणि चालणे यांत बदल दिसला की चौकशी करा, एवढे केले तरी पुष्कळ झाले.