बाजीराव रोडवरची बँक आणि आपल्या गटाचं पासबुक

पुण्यात मंडईला माल घेऊन जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. मंडईच्या जवळूनच बाजीराव रोड जातो. या रस्त्यावर १८०७ सालचा विश्रामबागवाडा आहे, आणि बँक ऑफ महाराष्ट्रची जुनी जागाही. आज त्या बँकेची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या गटाच्या पासबुकापर्यंत येते.

आधी थोडं मागे जाऊ. गावात पैसा लागला की एकच दार होतं, सावकाराचं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा संयम सुटला. त्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला, कर्जाचे कागद जाळले. कागद जळले, पण गरज जळली नाही. पेरणीला, लग्नाला, दुखण्याला पैसा लागतच राहिला. शहरात मोठ्या बँका होत्या, पण त्यांचा व्यवहार मोठ्या व्यापाऱ्यांशी.

अशा वेळी पुण्यातल्या काही जाणत्या माणसांनी सामान्य माणसाची बँक काढायचं ठरवलं. त्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे होते, डी. के. साठे होते. १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँकेची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल होतं १० लाख रुपये. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पुण्यात काम सुरू झालं. १९३८ साली मुंबईत दुसरी शाखा निघाली, १९४० साली डेक्कन जिमखान्यावर तिसरी. ठेवी एक कोटीवर जायला १९४६ साल उजाडलं. म्हणजे दहा वर्षं लागली. आपल्या गटाची बचत हळू वाढते म्हणून खंतावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

या बँकेचं बोधचिन्ह तुम्ही पाहिलं असेल. दीपमाळ! आपल्या जेजुरीला असते तशीच. एका दिव्याचा उजेड तो केवढा, पण ओळीनं लागले की लांबून दिसतात.

पण मैत्रिणींनो, भिंती कितीही जाड असल्या तरी ठेव भिंतीमुळे सुरक्षित राहत नाही. पूर्वी बँक बुडाली की माणसाची पुंजीही बुडायची. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बंद पडली आणि देशभर लोक धास्तावले. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विमा आला. आज एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. जास्त व्याजाच्या आशेनं पैसे ठेवण्याआधी हे विचारून घ्या.

१९ जुलै १९६९ रोजी सरकारनं १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. त्यात ही पुण्याची बँकही होती. खेड्यात शाखा काढा, शेतकऱ्याला, छोट्या धंद्याला कर्ज द्या, असा आग्रह सुरू झाला. कारभार वाढला. १९७८ साली शिवाजीनगरला ‘लोकमंगल’ ही मुख्य कचेरीची नवी इमारत झाली. बाजीराव रोडवर शाखा राहिली.

तरी शाखा गावात आली म्हणजे बाई काउंटरपर्यंत पोचली, असं झालं नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर, तारण काय देणार? ही गाठ सुटायला लागली १९९२ साली. नाबार्डनं देशात ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. बायकांनी नियमानं केलेली बचत आणि वेळेवर फेडलेले हप्ते, हीच पत मानली गेली. दागिना नाही, जमीन नाही, तरी कर्ज!

बँकेचं काम मुळात साधं आहे. एकाची ठेव घ्यायची आणि दुसऱ्याला कर्ज द्यायचं. आपण कर्ज मागितलं नाही, तर आपल्या गावची बचत दुसरीकडेच कुणाच्या तरी धंद्याला लागते. म्हणून बँकेत जाताना उपकार मागायला जातोय असं वाटू देऊ नका. तिथला पैसा आपल्यासारख्यांच्याच ठेवीचा आहे.

येत्या बैठकीत एवढं करा. गटाचं पासबुक मधे ठेवा, प्रत्येकीला वाचून दाखवा. शिल्लक किती, कर्ज किती मिळू शकतं, ते कशासाठी घ्यायचं, यावर बोला. आणि पुढच्या खेपेला बँकेत जाताना एकटी अध्यक्ष नको. जी कधीच गेली नाही, तिला सोबत न्या.