ट्रॅक्टरचा ब्लूटूथ टेप जोडला जात नाही? वायरिंगवाल्याकडे जाण्याआधी घरीच करा ही तपासणी

ऊस वाहतूक असो की रात्रीची नांगरट, टेपशिवायचा ट्रॅक्टर आता क्वचितच दिसतो. आधी कॅसेट होती, मग पेन ड्राइव्ह आला आणि आता मोबाईलवरून थेट ब्लूटूथने गाणी लागतात. पण ऐन कामात टेप फोनला जोडला जात नाही, मध्येच तुटतो, नाहीतर नुसती खरखर ऐकू येते. अशा वेळी बरेच जण टेपच खराब झाला म्हणून नवा आणतात. नवा बसवल्यावरही तीच तक्रार सुरू राहते, कारण दोष टेपमध्ये नसतोच. तो फोनच्या सेटिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो.

प्रश्न फक्त गाण्यांचाही नाही. टेपची वायर चुकीची जोडली असेल तर बॅटरी उतरते आणि पेरणीच्या दिवशी सकाळी सेल्फ लागत नाही. फ्यूज नसलेली वायर घासून बॉडीला टेकली तर जळू शकते. म्हणून टेपचा दोष वेळीच ओळखलेला बरा.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

तीन सोप्या चाचण्या आहेत. पाच मिनिटांत होतात.

१. टेपवर एफएम किंवा पेन ड्राइव्ह लावून बघा. आवाज स्वच्छ येत असेल तर स्पीकर आणि वायरिंग ठीक आहे. दोष ब्लूटूथच्या जोडणीत आहे.

२. दुसऱ्या कोणाचा तरी फोन जोडून बघा. तो जोडला गेला तर दोष आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे.

३. आपला फोन दुसऱ्या ब्लूटूथ स्पीकरला किंवा इअरफोनला जोडून बघा. तिथेही जोडला जात नसेल तर फोनमध्येच बिघाड आहे.

तिन्ही चाचण्यांत पेन ड्राइव्हही वाजला नाही, टेपचा डिस्प्लेही लागला नाही, तर सरळ फ्यूज आणि वायरिंगकडे वळा.

ब्लूटूथ म्हणजे छोटा रेडिओच

ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. फोन आणि टेप दोघांतही एक लहानसा रेडिओ असतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. गाण्यांसाठी वापरलं जाणारं ब्लूटूथ या पट्ट्यात सेकंदाला १,६०० वेळा आपली जागा बदलतं, त्यामुळे दुसऱ्या लहरींची अडचण कमी होते. साध्या टेपचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर असतो.

या लहरींचे दोन वैरी आहेत, लोखंड आणि पाणी. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असतं. फोन मागच्या खिशात ठेवून लोखंडी सीटवर बसलं की फोनच्या एका बाजूला शरीर आणि दुसऱ्या बाजूला पत्रा येतो. टेप हातभर अंतरावर असूनही गाणं तुटतं ते यामुळे. टेप पत्र्याच्या बंद डब्यात बसवला असेल तरी हाच त्रास होतो. फोन शर्टाच्या वरच्या खिशात किंवा टेपसमोरच्या होल्डरमध्ये ठेवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

फोन टेपला सापडत नाही किंवा जोडला जात नाही

- टेप ब्लूटूथ मोडवर आहे का ते बघा. मोड किंवा सोर्सचं बटण दाबल्याशिवाय बऱ्याच टेपचं ब्लूटूथ सुरू होत नाही.
- टेप आधीच दुसऱ्या फोनला जोडलेला असू शकतो. साधे टेप एका वेळी एकाच फोनला गाणी वाजवू देतात. ट्रॅक्टर अंगणात उभा आणि घरात पोराचा फोन चालू असेल तर टेप आधी तोच फोन पकडतो. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा.
- फोनमध्ये जुनी नोंद अडकलेली असेल तर ब्लूटूथच्या यादीत टेपच्या नावासमोरचं चाकाचं चिन्ह दाबून ‘विसरा’ हा पर्याय निवडा. मग टेप बंद करून चालू करा आणि नव्याने जोडा.
- पिन मागितला तर बहुतेक टेपवर ०००० किंवा १२३४ चालतो.
- तरीही जोडला गेला नाही तर फोन एकदा बंद करून चालू करा. टेपवर रिसेटचं बारीक छिद्र असेल तर टाचणीने हलकंच दाबा.

कारखान्याच्या रांगेतला घोळ

साखर कारखान्याच्या यार्डात एका रांगेत पन्नास ट्रॅक्टर उभे असतात आणि स्वस्त टेपची नावं सगळीकडे सारखीच असतात, ‘कार बीटी’, ‘बीटी ऑडिओ’ अशी. फोनच्या यादीत एकाच नावाचे चार टेप दिसतात आणि आपलं गाणं शेजारच्या ट्रॅक्टरवर वाजतं. म्हणून नवा टेप घरी किंवा शेतात, जवळ दुसरा ट्रॅक्टर नसताना जोडावा. एकदा जोडल्यावर अँड्रॉइड फोनमध्ये त्या टेपचं नाव बदलता येतं. तिथे ‘आपला ट्रॅक्टर’ असं काहीही ओळखीचं नाव द्या.

दुसऱ्याच्या टेपला फोन जोडताना ‘संपर्क आणि कॉलची माहिती देऊ का’ असा प्रश्न आला तर नाही म्हणा. गाणी ऐकायला त्याची गरज नसते. ट्रॅक्टर विकताना टेपमधली जोडलेल्या फोनची यादीही पुसून द्या.

जोडलं जातं, पण आवाज येत नाही

फोनवर ‘कनेक्टेड’ दिसतं आणि गाणं मात्र फोनच्याच स्पीकरवर वाजतं. अशा वेळी टेपच्या नावासमोरचं चिन्ह दाबा. तिथे ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन वेगळी बटणं दिसतील. मीडिया ऑडिओ बंद असेल तर चालू करा. फक्त कॉलचा आवाज टेपवर नको असेल तर फोन कॉलचं बटण बंद ठेवता येतं.

फोनचा आवाज आणि टेपचा आवाज वेगवेगळा असतो हेही लक्षात ठेवा. फोनचा आवाज जवळपास पूर्ण आणि टेपचा बेताचा ठेवला तर गाणं स्वच्छ ऐकू येतं. उलट केलं तर मागची सूसू वाढते. स्क्रीन बंद झाली की गाणं थांबत असेल तर फोनमधला बॅटरी सेव्हर बंद करून बघा.

किल्ली बंद केली की टेप सगळं विसरतो

ही फार नेहमीची तक्रार आहे आणि तिचं कारण वायरिंगमध्ये असतं. टेपच्या मागे साधारणपणे या वायरी असतात:

- पिवळी: बॅटरीवरून कायमचा १२ व्होल्ट करंट. टेपची आठवण हिच्यावर टिकते.
- लाल: किल्लीवरून येणारा करंट. किल्ली फिरवली की टेप चालू होतो.
- काळी: अर्थ, म्हणजे बॉडी.
- पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी: स्पीकरच्या. काळी रेघ असलेली वायर त्याच स्पीकरची मायनस.

पिवळी आणि लाल या दोन्ही किल्लीवर जोडल्या असतील तर किल्ली बंद होताच टेपची आठवण जाते. काही टेप त्यासोबत जोडलेले फोन, घड्याळ आणि एफएमची स्टेशनंही विसरतात. पिवळी वायर फ्यूज घालून थेट बॅटरीच्या प्लसवर नेली की काम होतं. काही स्वस्त टेपवर रंग वेगळे असतात, म्हणून टेपवरचं स्टिकर वाचूनच जोडणी करा.

बॅटरी उतरते ती अशी

उलट चूकही होते. किल्लीची वायर शोधायचा कंटाळा म्हणून लाल आणि पिवळी दोन्ही थेट बॅटरीला जोडतात. मग टेप बटणाने बंद केला तरच बंद होतो, नाहीतर रात्रभर जागा राहतो. हिशोब सोपा आहे. टेप ०.३ अँपिअर करंट खात राहिला तर २४ तासांत ७.२ अँपिअर-तास जातात. ट्रॅक्टर दहा दिवस उभा राहिला तर ७२ होतात. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यात जवळपास रिकामी होते. सेल्फ त्याआधीच लागेनासा होतो.

संशय असेल तर टेपचा फ्यूज काढून ट्रॅक्टर दोन-तीन दिवस उभा ठेवा. सेल्फ नीट लागला तर करंट टेपच खात होता. तरीही बॅटरी उतरली तर बॅटरी, डायनॅमो किंवा दुसरी एखादी वायर तपासून घ्या.

चालता चालता टेप बंद होऊन पुन्हा चालू होतो

सेल्फ मारताना टेप क्षणभर बंद होणं साहजिक आहे, कारण त्या वेळी सगळा करंट सेल्फ मोटरला जातो. इंजिन चालू असताना खड्ड्यात आदळल्यावर टेप बंद होत असेल तर मात्र टर्मिनल किंवा अर्थिंग ढिलं आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडं करा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.

मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि टेप जळायचा धोका आहे. बॅटरी उतरली म्हणून २४ व्होल्टच्या ट्रकवरून थेट करंट देऊ नका. टेपसकट इतर वस्तूही उडू शकतात.

शिट्टी आणि खरखर

रेस वाढवली की स्पीकरमधली शिट्टीही वाढत असेल तर तो डायनॅमोचा आवाज आहे. बहुतेक वेळा टेपची अर्थची वायर रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्याला जोडलेली असते. रंग खरवडून घट्ट बोल्ट करा किंवा अर्थची वायर थेट बॅटरीच्या मायनसवर न्या.

फक्त एफएमवर खरखर येत असेल तर स्वस्त एलईडी लाइटच्या माळा आणि मोबाईलचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. हे दोन्ही एफएममध्ये खरखर आणतात. एरियलची पिन टेपच्या मागे नीट बसली आहे का तेही बघा.

स्पीकर, पाणी आणि उंदीर

कॅसेटच्या काळात स्पीकरची एक वायर बॉडीला लावून भागायचं. आताच्या टेपला ते चालत नाही. स्पीकरची मायनस बॉडीला लागली तर टेप आवाज बंद करतो, गरम होतो किंवा जळतो. एका आउटपुटवर दोन-दोन स्पीकर जोडले तरी टेप तापतो.

ट्रॅक्टर धुताना प्रेशरचं पाणी डॅशबोर्डवर मारू नका. पावसाळ्यात टेपवर प्लॅस्टिक झाकण ठेवा. भुसा-कडब्याजवळ उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. महिन्यातून एकदा वायरींवर नजर टाका आणि उघडी पडलेली वायर लगेच टेपपट्टीने बांधा. फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा नवा घाला. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आवाज किती ठेवायचा

केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर कामाच्या वेळी ड्रायव्हरच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असू शकतो. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास बसणं कानाला घातक मानलं जातं. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून टेप आणखी मोठा केला की कानाचं नुकसान वाढतं. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. रोटाव्हेटरजवळ उभ्या माणसाची ‘थांब’ ही हाकही ऐकू येत नाही. शाफ्ट चालू असताना, ट्रॅक्टर मागे घेताना आणि गावातून जाताना टेप बंद ठेवावा. बेअरिंगची किणकिण, पट्ट्याचा आवाज आधी ड्रायव्हरलाच कळतो, तोही ऐकू यायला हवा.

चालता ट्रॅक्टर हातात फोन धरून चालवणं मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. गाणं बदलायचं असेल तर टेपच्या बटणाने बदला, फोन जोडायचा असेल तर ट्रॅक्टर उभा करा.

थोडक्यात

- फोन सापडत नाही: मोड तपासा, दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, ‘विसरा’ दाबून नव्याने जोडा.
- आवाज तुटतो: फोन मागच्या खिशातून काढून वर ठेवा.
- जोडलंय पण आवाज नाही: मीडिया ऑडिओ चालू करा.
- किल्ली बंद केली की विसरतो: पिवळी वायर थेट बॅटरीवर, फ्यूज घालून.
- बॅटरी उतरते: लाल वायर किल्लीवरच हवी.
- खड्ड्यात बंद पडतो: टर्मिनल आणि अर्थिंग घट्ट करा.
- शिट्टी येते: अर्थची वायर बॅटरीच्या मायनसवर न्या.

एवढं करूनही टेप चालला नाही, वायर गरम लागली किंवा जळका वास आला तर टेपचा फ्यूज काढून ठेवा आणि वायरिंगवाल्याला बोलवा. तोवर ट्रॅक्टर टेपशिवायही चालतो. गाण्यासाठी बॅटरी आणि वायरिंग पणाला लावू नका.