झोपलेला डोंगर आणि तीन जादा शब्द

मंडळी, परवा नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. आपल्या नौदलाने सप्टेंबर २०२५ मध्ये टिपलेली. भर समुद्रात एक डोंगर आणि त्यातून निघणारा धूर. "आबा, हा भारतात आहे?" त्याने विचारलं आणि मला माझा जुना वर्ग आठवला.

साल १९८० च्या आसपासचं. भूगोलाच्या तासाला एका मुलाने विचारलं होतं, "सर, आपल्या देशात जागा ज्वालामुखी आहे का?" मी ठणकावून सांगितलं, "अंदमानात बॅरन नावाचं बेट आहे, पण तो डोंगर झोपलाय. आता उठायचा नाही."

तसं म्हणायला आधार होता. पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर हे निर्मनुष्य बेट. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर तिथे गेले, तेव्हाही तो धगधगत होता. एकोणिसाव्या शतकात मात्र तो शांत झाला. गंमत बघा, १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि नेमका तेव्हापासून हा डोंगर दीडशे वर्षं गप्प! फोटो काढायचाच तर नुसत्या राखेच्या शंकूचा काढायचा.

मग मार्च १९९१ मध्ये तो उठला. मी पेपरात वाचलं आणि खजील झालो. तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला होता.

पण खरा योग आला तो गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मंडळींना. २३ जानेवारी २०१७ रोजी डॉ. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचं पथक 'सिंधू संकल्प' जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होतं. अचानक डोंगर राख ओकू लागला. जहाज मैलभर दूर नेऊन त्यांनी निरीक्षण केलं. पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक होत होते. दिवसा दिसत होते ते फक्त राखेचे ढग. सूर्य मावळल्यावर मात्र मुखातून उसळणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसू लागला. आग दिवसाही होतीच, उजेडात ती दिसत नव्हती इतकंच.

जानेवारीत तिकडे समुद्र बरा असतो. मे ते सप्टेंबर पावसाचे दिवस, ढग केव्हा उतरतील याचा नेम नाही. निवृत्तीनंतर आम्ही उभयता मे अखेरीस अंदमानला गेलो ते सेल्युलर जेल पाहायला, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायला. बॅरन सहलीत नव्हतंच. बाराटांगला चिखलाचे ज्वालामुखी दाखवले. कॅमेरा काढला आणि पाऊस कोसळला. एका हाताने छत्री, दुसऱ्याने कॅमेरा, भिंगावर थेंब. फोटोत आलं काय, तर करडा चिखल, एक बुडबुडा आणि सौ.च्या छत्रीची कड. अल्बममध्ये आहे अजून. येणाऱ्याला दाखवतो, "हा माझा ज्वालामुखी!"

आणि लांब कशाला जायचं? आपल्या भाईंदरहून उत्तनच्या वाटेवर डोंगरी लागते. तिथला रायोलाइट खडक लाव्हाचाच. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी त्याचं वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षं ठरवलं. दख्खनचा मुख्य लाव्हा वाहून गेल्यावरचा हा उशिराचा. म्हणजे मी ज्या भूमीवर राहून मुलांना ज्वालामुखी शिकवला, तीच एके काळी पेटलेली होती. हा डोंगर मात्र खरोखर विझलेला. झोपलेला आणि विझलेला यातला फरक मला वर्गात सांगता आला असता. मी सांगितला नाही.

"झोपलाय" हे तेव्हा बरोबरच होतं. "आता उठायचा नाही" हे तीन शब्द माझे, पदरचे.

नातवाला म्हटलं, "हो रे, भारतातच आहे. आणि जागा आहे." तो जुना विद्यार्थी आता साठीकडे आला असेल. कुठे असेल तिथे हे त्याच्या नजरेस पडो.

असो. आज इतकंच.